‘फसलात तर गप्प बसा’ सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही महिने फोंड्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. देवस्थानाच्या ग्रुपवर आला, नाटक मंडळाच्या ग्रुपवर आला, गिऱ्हाइकांनीही मला कितीदा तरी पाठवला. त्याचा मतलब असा: कॉम्प्युटरवर व्हायरसचा इशारा आला आणि मदतीच्या नावाने कुणी फोनवर बोलू लागला तरी घाबरू नका, ओटीपी सांगितला नाही तर पैसे जात नाहीत. समोरच्याने मशीनमधले दोष उघडून दाखवले तर तो खरा तंत्रज्ञ समजा. चांगला अँटीव्हायरस असला की काळजी नको. आणि फसलातच तर लॅपटॉप फॉर्मेट मारून विषय सोडा, कारण गेलेले पैसे येत नाहीत, पोलीस काही करत नाहीत आणि बँक चूक तुमचीच म्हणते.

माझं फोंड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मेसेजातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त सलतं, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी ओटीपी. मला शाळेत शिकवलेल्या एक बाई आता निवृत्त आहेत, मुलगा दुबईला. त्याला बघता यावं म्हणून घरात लॅपटॉप आला. एका दुपारी त्या पंचांग बघत होत्या आणि अख्खी स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजू लागला, वर मायक्रोसॉफ्टचं नाव आणि खाली फोन नंबर. त्यांनी फोन लावला. पलीकडच्याने गोड बोलत एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याची स्क्रीन बघायची आणि चालवायची अ‍ॅप, टाकायला लावलं, आधी लॅपटॉपवर आणि मग ‘पडताळणीसाठी’ मोबाईलवर. त्यानंतर ओटीपी विचारायची त्याला गरजच पडली नाही. मोबाईलची स्क्रीन त्याला दिसत होती, बँकेचा मेसेज बाईंनी चष्मा लावायच्या आत त्याने वाचला. ओटीपी सांगू नये हे बरोबरच आहे. पण स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात गेली की न सांगितलेलंही सगळं त्याच्याकडे जातं.

ती लाल स्क्रीन म्हणजे एक साधं वेबपान असतं. एफ११ किंवा एस्केप दाबून बघा. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ विचारलं तर नको म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, ही एकच खूण लक्षात राहिली तरी पुरे.

आता दोष दाखवण्याची गोष्ट. हे लोक इव्हेंट व्ह्यूअर उघडतात आणि लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवून ‘एवढे व्हायरस’ म्हणतात. ती विंडोजची रोजची नोंदवही आहे. कुठली सेवा उशिरा सुरू झाली, कुठला ड्रायव्हर अडखळला, सगळं तिथे उतरतं. नव्या कोऱ्या लॅपटॉपवरही काही दिवसांत तशाच खुणा दिसू लागतात. दुसरी युक्ती याहून वाईट. काळ्या खिडकीत एक आज्ञा देऊन ते ८८८डीसीए६० ने सुरू होणारा मोठा क्रमांक काढतात आणि म्हणतात, ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त परवाना क्रमांक, मला आधीच माहीत होता, म्हणजे मी कंपनीचाच.’ तो क्रमांक प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो. तुमच्या, माझ्या, पणजीतल्या कुठल्याही कचेरीतल्या मशीनवर. चांगल्या शिकलेल्या माणसांचाही इथे विश्वास बसतो, कारण डोळ्यांसमोर पुरावा दिसतो. म्हणून ‘अडाणीच फसतात’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बाईंनी चाळीस वर्षं गणित शिकवलं आहे.

अँटीव्हायरसबद्दल थोडक्यात. एनीडेस्क व्हायरस नाही. मीही गिऱ्हाइकाच्या मशीनवर दुकानातून काम करायला तसलीच अ‍ॅप वापरतो. मालकाने स्वतः टाकलेली आणि स्वतः परवानगी दिलेली अ‍ॅप अँटीव्हायरसने अडवावी, ही अपेक्षाच चुकीची.

आता तो शेवटचा सल्ला. चवथीचे दिवस होते, बाईंच्या घरात पाहुणे होते. पैसे गेल्याचं कळूनही त्या चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “फॉर्मेट मारून दे रे.” मी खोदून विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. “मेसेजात लिहिलं होतं ना, काही उपयोग नसतो म्हणून.” या चार दिवसांत पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन काढूनही झाले होते.

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर याच घाईसाठी आहे. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि तुमची बँक सांगितली की ती माहिती पैसे जिथे गेले त्या बँकेपर्यंत पोचते आणि खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवता येतं. रक्कम पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. सगळे पैसे नक्की मिळतील असं मी म्हणणार नाही. पण गोठवायला पैसे खात्यात असावे लागतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. यासाठी आधी रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत, घरातूनच फोन करता येतो. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर रीतसर तक्रार भरायची. आणि पोलीस काही करत नाहीत म्हणाल, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभर छापे घातले, त्यांतली दोन प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून अशाच बनावट तांत्रिक मदत केंद्रांविरुद्धची होती.

बँकेचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेला पैसा बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी असतो. पण त्याच परिपत्रकात पुढे आहे की कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं. म्हणजे चूक आपली असली तरी, किंबहुना असली तर जास्तच, लगेच फोन करायला हवा. बाईंच्या खात्यातून दुसऱ्या दिवशीही एक रक्कम गेली होती. पहिल्याच संध्याकाळी बँकेला कळवलं असतं तर ती त्यांच्या माथी आली नसती. तक्रारीची पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि फॉर्मेट? मारायचा, पण घाईने नाही. आधी वाय-फाय तोडा, म्हणजे त्याचा हात सुटतो. एनीडेस्क कोणत्या आयडीवरून जोडलं गेलं याची नोंद मशीनमध्ये राहते. ती, कॉलची यादी आणि बँकेचे मेसेज जपून ठेवा, कारण फॉर्मेटने आपणच पुरावा पुसतो. शिवाय ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्याने बघितले असतील तर फॉर्मेटने ते त्याच्याकडून परत येत नाहीत. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी मेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, तुमची मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाही ना ते सेटिंगमध्ये बघा, मग बँकेचे पासवर्ड. मोबाईलवर टाकलेली अ‍ॅपही काढा, ती हमखास विसरली जाते. हे सगळं झालं की लॅपटॉप माझ्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे आणा.

मागच्या आठवड्यात बाईंना पुन्हा फोन आला. ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा.’ एकदा फसलेल्यांना असे फोन येतात. या वेळी बाईंनी एका शब्दाने उत्तर न देता फोन ठेवला, नंबर वहीत उतरवला आणि तशाच चालत दुकानात आल्या. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर संशयित फोन कळवायची ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे तो नंबर आम्ही दोघांनी मिळून नोंदवला.