मख्खन चालतेय की!

नवी गाडी घेतलीत? अभिनंदन. आता पहिलं काम करा. समोरच्या कप्प्यात कंपनीने एक जाडजूड पुस्तक ठेवलेलं असेल. त्याच्यावर टिश्यूचा डबा, पार्किंगच्या जुन्या पावत्या आणि न उमटणारं एक पेन नीट रचून ठेवा. पुस्तक दिसता कामा नये. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच ते लिहिलंय, त्यांना गाडीतलं काय कळणार? गाडीतलं कळतं ते ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला.

मग सर्व्हिसिंग. '१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असं वाक्य कुठेतरी डोळ्यांखालून जाईल. ते 'जे नंतर होईल ते' असं वाचायचं. वर्ष झालं की म्हणायचं, अजून किलोमीटर कुठे भरलेत? किलोमीटर भरले की म्हणायचं, आत्ता तर केलं होतं की! शिवाय गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच जात असेल तर तेल खराब व्हायचं कारणच काय? इंजिन धड तापायच्या आत बंद होतं, मग जळताना तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं इंधन तेलातच साठत जातं, हे असलं सगळं त्या पुस्तकात असतं. आणि पुस्तक आपण झाकून ठेवलंय.

त्याच पुस्तकात मागे आणखी एक तक्ता असतो, प्रतिकूल परिस्थितीत गाडी वापरणाऱ्यांसाठी. सततचा उष्मा, धूळ, पावलापावलाला थांबणारी वाहतूक, छोटे छोटे प्रवास, भरपूर ओझं. यातलं काही लागू असेल तर तेल आणि एअर फिल्टर पुष्कळ लवकर बदला, असं तो तक्ता सांगतो. बऱ्याच गाड्यांना तर नेहमीच्या निम्म्या अंतरातच. पण हा तक्ता आपल्यासाठी नाही बरं का. आपण फक्त पारा चाळिशीपार गेलेला असताना, धुरळ्यातून, एसी फुल्ल ठेवून, सिग्नलमागून सिग्नल दुसऱ्या गियरमध्ये काढत, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन जातो. यात प्रतिकूल काय आहे?

डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह लागलं तर ते घालवायचे व्हिडिओ असतात. ते बघा.

ऊन फार असेल तर तेल जाड घाला. मॅन्युअलमध्ये, म्हणजे त्याच पुस्तकात, तेलाचा दाटपणा ५डब्ल्यू-३० लिहिला असेल, पण ज्याने दोन बोटांत तेल चोळून, डोळे बारीक करून, 'साहेब, हे पाणी आहे पाणी' असं सांगितलं त्याचं ऐका. त्या आकड्यातला दुसरा भाग १०० अंशांवरच्या दाटपणाचा असतो आणि त्या तापमानाला तेल असंच पातळ हवं म्हणून इंजिनातल्या फटी तशा ठेवलेल्या असतात, हे बोटांना कळत नाही. बाहेर किती ऊन असेल तर कोणतं तेल चालेल याचाही तक्ता पुस्तकात असतो. पण परत तेच, टिश्यूचा डबा कोण उचलणार.

टायरमध्ये उन्हाळ्यात हवा कमी ठेवा. सगळेच ठेवतात. गरम होऊन हवा फुगते आणि टायर फुटतो, असा सर्वमान्य सिद्धांत आहे. फुगते हे खरंच, तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की साधारण १ पीएसआयने. पण टायर बनवणाऱ्याने ते धरलेलंच असतं. म्हणून तर दाब थंड टायरचा मोजायचा असतो. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, दबून दबून आतून तापते, आणि भर वेगात एका क्षणी सुटते. पण सिद्धांत सर्वमान्य आहे, तेव्हा तुम्ही हवा कमीच ठेवा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून रबराचं वय कळतं. ते कुणाचंही वय विचारण्याइतकंच असभ्य आहे.

गाडीत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर असा काही प्रकार असतो हे कुणाला सांगू नका.

एसी गार करत नाही? दरवर्षी गॅस भरून घ्या. बंद नळ्यांत फिरणारा गॅस दरवर्षी जातो कुठे, हा प्रश्न विचारून गळती शोधायला लावू नका. भरणाऱ्याचं पोट त्यावर आहे.

बॅटरी थंडीत दगा देते असं आपण समजतो, तेच समजत राहा. उन्हाळाभर तापलेल्या बोनेटखाली तिच्या प्लेटा कुजतात, पाणी उडतं, आणि एका गार सकाळी ती फक्त राम म्हणते.

ब्रेक ऑइल तर बदलायचंच नाही. ते दिसत नाही, वास येत नाही, गळत नाही. दोन वर्षांत हवेतलं पाणी शोषून बसतं एवढंच. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपास उकळायला लागू शकतं, आणि लांब उतारावर तापलेल्या ब्रेकांत बुडबुडे झाले की पेडल सरळ जमिनीला टेकतं. तेव्हा कळेलच.

आता कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं, त्यातून फिरणारं द्रव. यावर जरा सविस्तर मार्गदर्शन करतो, कारण मला ते नुकतंच प्रत्यक्ष मिळालं आहे.

कूलंटच्या टाकीत पाणी घाला. साधं, नळाचं. ज्या गृहस्थांच्या गाडीतून मी परवा जात होतो, म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत जात होतो, त्यांची हीच पद्धत. 'पाणीच तर आहे ते, रंग टाकून विकतात' हे त्यांचं मत. गाडी ४०,००० किलोमीटरच्या पुढे गेलेली आणि 'एकदम मख्खन चालते', हे निघाल्यापासून मी इतक्यांदा ऐकलं होतं की माझाही विश्वास बसला होता. मग भर दुपारी, सावलीचं झाड नावालाही नाही अशा जागी, बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गृहस्थ शांत. काटा मधोमध होता ना! 'काटा बघा, काटा नॉर्मल आहे.' अहो, हल्लीच्या गाड्यांतला तो काटा तुम्हाला दिलासा देण्यासाठीच बसवलेला असतो. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावरच ठेवलेला असतो, म्हणजे तुम्ही उगाच फोन करू नयेत. आणि कूलंट सेन्सरच्या खाली उतरलं की त्या सेन्सरला पाण्याऐवजी वाफ लागते आणि तो वाट्टेल ते दाखवतो. वाफ समोर दिसतेय, काचेवर शिंतोडे येतायत, आणि आपण काट्याचं म्हणणं ऐकत बसायचं.

सिलिंडरमध्ये जळणारा वायू २,००० अंशांच्या घरात असतो. त्याच्यापासून काही मिलिमीटरवरून हे 'रंग टाकलेलं पाणी' वाहत असतं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ च्याही पुढे टिकतं. नुसत्या पाण्यालाही दाबाखाली थोडी मुभा मिळते, पण त्यात गंज रोखणारं काहीच नसतं. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थरावर थर चढवतात, आतला धातू गंजतो, पंपाचं सील जातं. हिवाळ्यात हे सगळं चालून जातं. उन्हाळ्यात एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, आधीच पुढे उभा राहून रेडिएटरवर गरम हवा सोडत असतो, तेव्हा चालत नाही.

बरं, गाडी थांबवल्यावर गृहस्थांनी काय करावं? इंजिन बंद करून थांबावं? छे. फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी, झाकण सुटताक्षणी ते अंगावर वाफ होऊन उडतं, तोंड भाजतं, डोळे जातात. मी हात धरून मागे ओढलं तर माझ्यावरच वैतागले. मग मी फोनवर बोलत होतो तेवढ्यात पिण्याच्या पाण्याची बाटली तापलेल्या इंजिनावर रिकामी केली, गार करायला. ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग, असं एकदम गार केलं की तडकू शकतं, हे सांगून काय उपयोग. प्यायलाही पाणी उरलं नाही, ते वेगळंच.

आणि आता खरा भाग. गाडीचं सर्व्हिसिंग झालेलं होतं! पुस्तकात ४०,००० चा शिक्का. पावती कप्प्यातच, टिश्यूच्या डब्याखाली. टोचन गाडीची वाट बघताना मी ती वाचली. इंजिन ड्रेसिंग, म्हणजे रबर आणि प्लास्टिकवर चकाकी. आतून जर्म क्लीन. रंगावर कोटिंग. इंजेक्टरमध्ये टाकायची कसलीशी बाटली. सुगंध. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'कूलंट टॉप-अप'. कशाने टॉप-अप केलं ते रस्त्याच्या कडेला दिसतच होतं, स्वच्छ, बिनरंगी, वाहत चाललेलं. मॅन्युअलमध्ये जे नाही ते सगळं केलं होतं, आणि जे आहे त्यापुढे बरोबरची खूण मारली होती. मुलाखतीला जायचं असल्यासारखी चकचकीत गाडी, आतून कोरडी ठणठणीत.

सर्व्हिस ॲडव्हायझरला काही विचारू नका, हाही सल्ला इथेच देऊन टाकतो. काढलेला फिल्टर दाखवा म्हणू नका. कूलंट कोणतं घातलं, डबा दाखवा म्हणू नका. हिरवं, गुलाबी, निळं असल्या रंगावरून ते तेच आहे की नाही हे कळत नाही आणि वेगवेगळ्या जातींची सरमिसळ केली की गंज रोखणारी रसायनं निकामी होऊ शकतात, असं बोललात तर तो तुमच्याकडे दयेने बघेल. गप्प सोफ्यावर बसून कॉफी प्या. जॉब कार्डवर सही करा. गाडी धुऊन मिळाली ना?

पुढचं गॅरेजने सांगितलं. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेलं, तेलात पाणी मिसळून दुधाळ झालंय, हेड वाकलंय का ते उघडल्यावर कळेल. गृहस्थांचा निष्कर्ष: 'कंपनीच फालतू.' आणि त्यानंतरचं वाक्य, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो: 'थोडं ठाकठीक करून घेतो आणि काढून टाकतो. पुस्तकात शिक्के आहेत सगळे.'

तर ही शेवटची युक्ती. १,००,००० यायच्या आत गाडी विका. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा, असलेल्या बऱ्याच गाड्यांना त्याच सुमारास तो बदलायचा असतो, आणि तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात. ते नव्या मालकाला बघू दे. जाहिरातीत लिहा: एकच मालक, सगळं सर्व्हिसिंग वेळेवर.

नाही, हे आता मला गमतीत लिहिता येत नाही. अहो, ती गाडी कोणीतरी घेणार आहे. कर्ज काढून घेणार आहे. मागच्या सीटवर पोरं बसवून उन्हातान्हात लांबच्या प्रवासाला काढणार आहे, कारण तुम्ही शिक्के दाखवलेत. दरवर्षी पाच मिनिटं डोकं लावून जे करायचं ते तुम्ही केलं नाहीत, आणि आता त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची? लाखो रुपयांची वस्तू घेता, तिच्या सीटकव्हरच्या रंगावर आठवडाभर घरात वाद घालता, आणि आत काय वाहतंय हे बघायला तुम्हाला वेळ नाही. आणि शिक्के मारणारे तुम्ही! काम न करता खूण करता, त्या खुणेवर विसंबून माणसं रस्त्यावर उतरतात, हे तुम्हाला चांगलं माहीत असतं. सुगंध मारायला माणूस मिळतो आणि कूलंट बदलायला मिळत नाही?

इंजिन थंड असताना बोनेट उघडा. टाकीवर 'मिन' आणि 'मॅक्स' अशा दोन रेघा असतात, पातळी त्यांच्या मध्ये आहे का आणि आतलं पाणी रंगीत आहे का, एवढं बघा. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, ओढून पुसा, परत घाला, परत ओढा. टायर गरम व्हायच्या आधी हवा मोजा. एवढंही जमत नसेल तर निदान दुसऱ्याला 'चला, सोडतो तुम्हाला' म्हणू नका. मी बसने जाईन.