सेहेचाळिसाव्या वर्षी नवी गाणी

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले पंधरा दिवस एकच वाद चालू आहे. कोथरूडला राहणारा माझा मावसभाऊ वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाली लावलेली गाणी घेऊन, चक्क तिकीट लावून कार्यक्रम करणार आहे. कॉलेजात तो अशी गाणी गात असे. पुढे नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा यांत गिटार माळ्यावर गेली. आता ती खाली आली आहे, तर थोरल्या दादाने लिहिले, "या वयात हौस म्हणून ठीक आहे, पण तिकीट कशाला?" एका वहिनीने सल्ला दिला, की निदान अर्धी तरी जुनी भावगीते घ्यावीत, म्हणजे लोक येतील.

एडिंबरात बसून हे वाचताना माझे डोके फिरले आणि मी तावातावाने व्हॅश्टी बनियन या ब्रिटिश गायिकेचा दाखला दिला. (आडनावाला हसू नये, मीही आधी हसलो होतो.) 1968 साली या बाई लंडनहून घोडागाडीने स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांकडे निघाल्या आणि त्या लांबलचक प्रवासात त्यांनी गाणी रचली. त्यांचा 'जस्ट अनदर डायमंड डे' हा अल्बम 1970 मध्ये निघाला, तेव्हा त्याला कोणी विचारले नाही. त्यांनी गाणे सोडले आणि संसार केला, मुले वाढवली. 2000 साली तो अल्बम पुन्हा निघाला, नव्या पिढीने तो उचलून धरला, आणि दुसरा अल्बम 2005 मध्ये, म्हणजे पहिल्यानंतर पस्तीस वर्षांनी आला. तिसरा आला तो 2014 मध्ये. त्याचे ध्वनिमुद्रण त्यांनी बरेचसे इथेच, स्वतःच्या घरी केले. त्यांना स्वरलिपी येत नाही आणि पियानोवर एका वेळी एकच हात चालतो. तरीही डोक्यातले संगीत कोणावर न विसंबता उतरवता यावे म्हणून साठी उलटल्यावर त्या ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकल्या. दादा सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचे वय काढतो!

त्यावर "ही तिकडची खुळे" असे उत्तर आले, तेव्हा मी लोकशाहीर वामनदादा कर्डकांचे नाव घेतले, कारण ते गावोगाव स्वतःचीच गाणी गात हिंडले होते आणि त्यांना हे एडिंबराहून कोणी शिकवले नव्हते. आपल्या मध्यमवर्गीय कानांना मात्र शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा असाच हिशेब मानवतो. तिन्ही कामे एकटाच करणारा माणूस आपल्याला, का कोण जाणे, कच्चा वाटतो.

इतके सुनावून झाल्यावर थोडे कबूलही केले पाहिजे. बनियन यांच्याकडे तीस वर्षे पाठ फिरवणारे श्रोते याच देशातले होते, हे मी त्या संदेशात सोयीस्करपणे गाळले. शिवाय गेल्या गणेशोत्सवात, इथल्या लीथ भागातल्या चर्च हॉलमध्ये, नांदेडहून शिकायला आलेल्या एका मुलीने आपले नवे गाणे म्हणू का असे विचारले, तेव्हा आमच्या समितीने तिला पाच मिनिटे दिली, तीही श्रीखंडाची रांग लागल्यावर. तिचे गाणे संपताच "गीतरामायणातले काही येते का?" असे विचारणारा गृहस्थ मीच होतो. तिला येत होते. तिने ते फार सुरेख म्हटले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. तिच्या स्वतःच्या गाण्यातली एक ओळही मला आज आठवत नाही.

मावसभावाने तीन आठवड्यांपूर्वी आपल्या एका गाण्याची लिंक पाठवली होती. ती न उघडताच मी टाळ्यांची चित्रे पाठवून मोकळा झालो होतो. काल बावीस नंबरच्या बसमध्ये, लीथ वॉकवर पावसात खोळंबलो असताना, ते गाणे ऐकले. वनाझहून सुटणाऱ्या शेवटच्या मेट्रोत एकटाच बसलेला एक माणूस त्यात आहे. मी 2003 मध्ये पुणे सोडले तेव्हा वनाझ हा रिक्षावाल्याला सांगायचा थांबा होता. जुन्या भावगीतांत मला पत्ता विचारावा लागत नाही. या गाण्यात मी दुसऱ्याच ओळीला चुकलो. माझा थांबा मागे गेला तरी मी बसमधून उतरलो नाही, आणि घरी पोहोचल्यावर त्याला विचारले, की ती मेट्रो नेमकी कुठून कुठे जाते.