शेवट ठाऊक असला म्हणून थरार संपतो?

"ऐतिहासिक थरार कादंबरी लिहिणं सगळ्यात सोपं. शेवट सगळ्यांना ठाऊक, म्हणजे उत्सुकता नाहीच. कथानक इतिहासाने आयतं दिलेलं. फ्रेडरिक फोरसाइथने तर ३५ दिवसांत कादंबरी उरकली." कोल्हापुरातल्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर फिरतोय. मला यातलं एकही वाक्य पटत नाही.

शेवटाचं आधी घेऊ. ब्रिटिश लेखक फोरसाइथची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाच्या कटावरची कादंबरी काही प्रकाशकांनी याच कारणाने परत केली होती: द गॉल यांचा खून झाला नाही हे जगाला माहीत आहे! १९७१ साली ती आली आणि लोकांनी रात्री जागून वाचली. मारेकरी किती जवळ पोचतो, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही.

पण इतक्या लांब कशाला जायचं? १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निसटले आणि विशाळगडावर पोचले, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. तरी शिवा काशीदांची पालखी सिद्दी जौहरच्या माणसांनी अडवली की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतोच. खरं काय ते आपल्याला ठाऊक आहे, जौहरच्या छावणीला नाही. सोंग जितका वेळ टिकेल, तितकी दुसरी पालखी पुढे सरकेल, हे शिवा काशीद जाणून आहेत. थरार तिथे आहे.

३५ दिवसांचं म्हणाल, तर ते टाइपरायटरवरचे दिवस. १९६२ साली द गॉल यांच्यावर हल्ला झाला, त्या काळात फोरसाइथ रॉयटर्सचे बातमीदार म्हणून पॅरिसमध्येच होते. खासबागेत कुस्ती दोन मिनिटांत निकाली निघाली, तर पैलवानाची मेहनत दोन मिनिटांची, असं कोल्हापुरात कुणी म्हणेल का?

आता आयतं कथानक. आषाढात मी पन्हाळ्यावरून त्या वाटेने चाललोय. लाल चिखलातून पाय वर येतो, बूट आतच राहतो. खांद्यावर पालखी घेतलेले भोई तिथून कसे धावले असतील? ती रात्र पौर्णिमेची मानतात, पण वर पावसाळी ढग. लेखकाने एखाद्याच्या हाती मशाल दिली, की वेढ्यातल्या पहारेकऱ्याला ती दिसणार आणि अख्खं प्रकरण कोसळणार. हे तपशील कुणी ताटात वाढून देत नाही.

शिवाय जुनी दप्तरं मोडी लिपीत. आधी पानभर रेघ ओढायची, मग बोरूने तिच्याखाली सलग लिहीत जायचं. शब्द तोडलेलेच नसतात. एक शब्द चुकीच्या जागी तोडला की माणूस बदलतो, गाव बदलतं.

१८५७ च्या डिसेंबरात कोल्हापुरात उठाव झाला, बंडवाल्यांनी शहराच्या वेशी बंद केल्या, इंग्रजांनी बंड मोडलं. पुढे राजांचे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं. ते तिथेच १८६९ साली वारले. आयतं मिळतं ते एवढंच. त्या रात्री वेशीवर कोण उभं होतं, वाड्यात कोण जागं होतं आणि चिमासाहेबांना त्यातलं किती ठाऊक होतं, यासाठी कादंबरीकाराला दप्तर उघडून बसावं लागतं.