गृहलक्ष्मीला कामाची अट नाही

‘पंचायतीच्या कामावर गेलं नाही तर गृहलक्ष्मीचे २००० बंद’ असा मेसेज कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडे बायकांच्या मोबाईलवर फिरतोय. हे खोटं आहे. गृहलक्ष्मी म्हणजे कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला २००० रुपये देणारी कर्नाटक सरकारची योजना; ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत कामाची अट नाही. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव हवं. ती किंवा तिचा नवरा आयकर वा जीएसटी रिटर्न भरणारा नसावा. मजुरीला गेल्यानं पैसे तुटत नाहीत. नोकरी लागली की थांबतो तो युवानिधी या दुसऱ्या योजनेचा भत्ता, पदवी-डिप्लोमा झालेल्या बेरोजगार मुलामुलींचा. कागद कन्नडमध्ये, म्हणून आपल्या आयाबायांना कुणीही घाबरवतं, याचा संताप येतो. हप्ता आला नसेल तर आधार बँकखात्याला जोडलंय का ते आधी बघा, मग तालुक्याच्या महिला-बालकल्याण कार्यालयात विचारा.