उशाशी रेडिओ, रेडिओशेजारी पातेलं

मोबाईलवर अलार्म लावून उठणारी माणसं मला जरा अरसिकच वाटतात. उशीखाली मोबाईल, त्याला चार्जर, चार्जरची वायर गादीखालून, रात्रभर सगळं गरम होत पडलेलं, आणि एवढं करून सकाळी वाजणार काय, तर तीच टिंगटिंग. त्यापेक्षा अलार्मवाला घड्याळ-रेडिओ घ्या. लाल आकडे, डोक्यावर स्नूझचं लांबलचक बटण, आणि वेळ झाली की आपोआप विविध भारती, १०२.८. आमच्याकडे आठ वर्षं आहे त्यामुळे तो सुरक्षितपणे कसा वापरायचा हे मी अधिकाराने सांगू शकतो. राहायला ठाण्यात नौपाड्यात, तिसरा मजला, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सारखं लागणारे.

सगळ्यात आधी बॉक्समधून मॅन्युअल काढा आणि न वाचता पुन्हा बॉक्समध्ये ठेवा आणि बॉक्स माळ्यावर. आमचा पीस दादाने न्यू जर्सीहून आणलेला, त्यामुळे मॅन्युअल इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये होतं. मराठीत नाही म्हणजे आपल्याला लागू नाही. मी चाळलं तेवढ्यात मला दिसलं की पाण्याजवळ ठेवू नका, जाळी झाकू नका, विजा चमकत असतील तर प्लग काढून ठेवा वगैरे. आता इथे मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात रोज संध्याकाळी विजा चमकतात, माणसाने प्लग काढत बसायचं का? आणि काढला तर घड्याळ परत लावायचं कोणी?

आता करंट. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. धाडसी असाल तर कोपऱ्यावर मिळणारा तो सगळ्या पिना खाणारा अडॅप्टर आणून थेट भिंतीत लावा. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे आमच्या खालच्या मजल्यावर कळलं, त्यांच्याकडेही मुलीने तसाच एक आणला होता. वाजला म्हणे, एकदाच. आम्ही पापभिरू, लॅमिंग्टन रोडवर, त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन, २३०चे १२० करणारा स्टेप-डाऊन घेतला. विटेएवढा पत्र्याचा डबा, वजन नारळाएवढं, रात्री कान दिला तर आत भुंगा अडकल्यासारखा आवाज, हात लावला तर कोमट. हा कोमटपणा लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की घड्याळ मागे पडतंय. थोडंथोडकं नाही, तासाला १० मिनिटं. दादाला फोन केला तर तो म्हणाला इथे तर सेकंदाचा फरक नव्हता, तुमच्याकडे हवामान दमट आहे. हवामानाचा काही संबंध नाही. ही घड्याळं आत स्वतः वेळ मोजतच नाहीत, भिंतीतून येणाऱ्या करंटचे ठोके मोजतात. तिकडे सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. बिचारं ६० ठोके झाले की एक सेकंद धरतं आणि आपण त्याला ५०च देतो. स्टेप-डाऊन व्होल्ट कमी करतो, हर्ट्झला, म्हणजे त्या ठोक्यांना, तो हातही लावत नाही. काही मॉडेलला खाली ५०-६० चं छोटं बटण असतं म्हणे. आमच्यावर त्या जागी एक स्टिकर आहे, ‘उघडू नये’.

यावर सुरक्षित उपाय म्हणजे घड्याळ बदलणं नाही तर गणित शिकणं. रात्री ११ला घड्याळ बरोबर लावा. सकाळी ६ला उठायचं असेल तर मधे ७ तास, त्यात ते ७० मिनिटं गाळणार, म्हणून अलार्म ४:५० चा. १२ला झोपलात तर ५ चा. मध्येच रात्री तासभर लाइट गेली तर? तर पोटातली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जागी होते आणि त्या तासात घड्याळ चक्क बरोबर चालतं, म्हणजे तुमचं सगळं गणित बोंबललं आणि अलार्म ५:४८ ला. आमच्या मुलाचं काळ-काम-वेग यावरच पक्कं झालं, क्लासचे पैसे वाचले. आणि एक फायदा कोणी सांगत नाही. स्नूझ असतं ९ मिनिटांचं, ते आमच्याकडे १० मिनिटं ४८ सेकंद चालतं. रोज तीनदा दाबलं की पाच मिनिटांहून जास्त झोप फुकट.

त्या चौकोनी बॅटरीचंही बघून घ्या. चांगली आहे की मेली ते जिभेला लावून बघायचं, लहानपणापासून हीच पद्धत आहे आपली. मेली तरी काढायची नाही, चार पावसाळे तिथेच राहू द्यायची, मग आत पांढरी पावडर येते आणि तिची टिचबटणं हिरवी होतात. नवीन बॅटरी ड्रॉवरमध्ये सुट्टे पैसे, किल्ल्या आणि सेफ्टी पिनांबरोबर टाका. तिची दोन्ही टोकं शेजारीशेजारी असतात, एक किल्ली आडवी पडली की काम झालं, ड्रॉवर उबदार. थंडीत बरं.

आता थंडीचा विषय निघालाच आहे तर आमच्या आईकडे वळू.

आईचा नियम असा की घरात कुठलीही विजेची वस्तू उघडी दिसता कामा नये. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, लँडलाइन होता तेव्हा त्याला झालरीचं. रेडिओ आल्याच्या आठवड्यात तिने त्याला क्रोशाचा रुमाल विणला, पांढरा, चार कोपऱ्यांना गुलाबी फुलं, पुढे आकडे दिसायला तेवढी खिडकी. मागची आणि वरची जाळी बरोब्बर झाकलेली. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर मुळातच जास्त तापतो, त्यात वरून लोकर. पण धूळ? धूळ एक कण नाही. झुरळं मात्र त्या उबेला येतात, एकदा आठच्या आकड्यामागून एक हळूच चालत गेलं आणि मला क्षणभर वाटलं साडेआठ झाले.

आणि मग ते विरजण. ठाण्यात डिसेंबरात दही नीट लागत नाही हे कुठल्याही गृहिणीला विचारा, तारा सुटतात, पाणी वेगळं होतं. आई डबा गव्हात ठेवायची, शालीत गुंडाळायची, ओव्हनच्या बंद पोटात ठेवायची, छे. एका रात्री तिचा हात त्या स्टेप-डाऊनला लागला. मी सकाळी उठतो तो उशाशी स्टुलावर कोमट डब्यावर पातेलं, पातेल्यावर ताटली, ताटलीवर तोच क्रोशाचा रुमाल, आणि आत दही असं की सुरीने वड्या पाडाव्यात. त्या दिवसापासून आमच्याकडे तो घड्याळ-रेडिओ राहिला नाही, दह्याचं यंत्र झालं, ते वेळही सांगतं इतकंच. बायको म्हणाली, अहो करंटवर दूध ठेवतात का कोणी? आई म्हणाली, इतकी वर्षं काही झालंय का? (तेव्हा तीनच दिवस झाले होते.)

घरातल्या वायरिंगबद्दल फार विचार करू नका. आमची वायरिंग बिल्डिंगएवढीच जुनी, बेडरूमच्या सॉकेटला दोनच भोकं, अर्थिंगचं तिसरं नाहीच. वायरमन म्हणाला की सगळं नवीन करून घ्या, ईएलसीबी बसवा, ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी पटकन पडतो, माणूस वाचतो. मी म्हटलं किती खर्च, त्याने सांगितला, मी म्हटलं बिल्डिंग जाणारे हो. गेली अकरा वर्षं जाणारे. तीन बिल्डर झाले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कार्पेट एरियावरून चार जणांनी बोलणं टाकलं, पण जाणारच आहे. मग जाणाऱ्या बिल्डिंगमध्ये कोण पैसे घालतं? त्यापेक्षा तो जुना चिनीमातीचा फ्यूज आहे ना, तो सारखा उडत होता, त्यात तांब्याची तार तिहेरी करून घातली. खाली मीटरच्या कटआऊटमध्येही तशीच. तेव्हापासून एकदाही उडाला नाही. फ्यूज उडत नाही याचा अर्थ घर सुरक्षित आहे.

आता हे सगळं एकत्र कसं वापरायचं त्याचं प्रात्यक्षिक सांगतो. मागच्या डिसेंबरातली गोष्ट, मला ऐरोलीला जायचं असतं, आणि ठाण्याला वेस्टमधून गेलं की ऐरोलीची गाडी पार पलीकडे नऊ-दहा नंबरला, अख्खा पूल ओलांडून, म्हणून सहाला उठणं गरजेचं. अलार्म ४:५० चा, म्हणजे सहाचा. बाहेर मिट्ट काळोख. रेडिओ सुरू झाला, मी डोळे न उघडता स्नूझकडे हात टाकला, तर बोट अडकलं क्रोशाच्या गुलाबी फुलात. मी हात ओढला. रुमाल आला, रुमालामागून ताटली आली, आणि पातेलं कललं. दही लागायला अजून तासभर होता, म्हणजे अर्धवट पातळ, ते सगळं स्टेप-डाऊनच्या पत्र्याच्या फटीतून आत.

फट्. निळा उजेड, मग जळलेल्या दुधाचा वास, बासुंदी लागल्यासारखा. आमचा फ्यूज जागचा हलला नाही, तिहेरी तार, कटआऊटही तसाच भक्कम. उडाला तो खालचा फेजचा मेन. आमच्या फेजवरची आठ घरं एका झटक्यात अंधारात आणि आठही घरांतले पंखे बंद, आणि ठाण्यात डिसेंबरात पंखा बंद झाला की माणूस पाच मिनिटांत उठतो. एवढा परिणामकारक अलार्म मी आजवर पाहिला नाही. जिन्यात टॉर्च घेऊन सगळे. पहिल्या मजल्यावरचे काका रोज नऊला उठतात, ते लुंगीवर उभे राहून विचारत होते की पहाटे एवढा उजेड कमी असतो का नेहमी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वास घेतला आणि म्हणाल्या, अगंबाई कोणाकडे तरी दूध लागलंय. मी गप्प. बायकोने माझ्याकडे पाहिलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

हात पुसताना एवढं लक्षात आलं की माझा हात डब्यापासून वीतभरच लांब होता आणि दही वायरवरून ओघळत माझ्याच बाजूला येत होतं. हे मी आईला सांगितलं नाही. मी वायरमनला फोन केला, तो संध्याकाळी आला, डबा उघडून बघितला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, साहेब यात दही कसं गेलं? मी म्हटलं मोठी गोष्ट आहे. त्याने परत ईएलसीबीचा विषय काढला, मी परत म्हटलं बघू, मीटिंग आहे रविवारी.

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाईट वाटलं ते दह्याचं. रात्री जेवताना ताकाऐवजी पाणी होतं, तेव्हा ती म्हणाली,

“तू परत जाशील ना लॅमिंग्टन रोडला, तर या वेळी जरा मोठा आण. वर पातेलं नीट बसेल असा.”