‘स्वस्तातली प्लास्टिकची कुंडी’ या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की साडेआठशे रुपये घेऊन आम्ही घटपर्णी स्वस्तातल्या प्लास्टिकच्या कुंडीत पाठवली. तुम्ही ती गांडूळखत घालून छान मातीच्या कुंडीत लावली, तरी दोन महिन्यांत सगळे घट वाळले, म्हणजे रोपच खराब होतं, असंही तुमचं म्हणणं आहे. हौसेने घेतलेलं रोप असं झालं की वाईट वाटतंच. पण कुंडीबद्दलचं म्हणणं आम्हाला मान्य नाही.

प्लास्टिक आम्ही मुद्दाम वापरतो. मातीची कुंडी पाणी पिते, ते बाहेरच्या बाजूने उडून जातं आणि त्यातले क्षार कुंडीतच साचतात. तुमच्या फोटोत काठाला जो पांढरा थर दिसतोय, तो त्याचाच. बोअरच्या पाण्याने तो फार लवकर धरतो. जास्वंद, मोगरा हे बऱ्यापैकी सोसतात. घटपर्णी मुळात निकस जमिनीतली, म्हणून तर ती किडे पकडून पोट भरते. तिची मुळं काळी, बारीक आणि हात लावताच तुटणारी असतात. क्षार आणि खत, दोन्हींनी ती जळतात.

दुसऱ्या फोटोत कुंडीखाली पाण्याने भरलेली ताटली आहे. ती पद्धत सारासेनियाची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत वाढणाऱ्या घटपर्णीची. तुमच्याकडची घटपर्णी वेगळी, नेपेंथिस प्रकारातली, व्हेन्ट्राटा नावाचा संकर. तिला ओल हवी, पण मुळांशी हवाही खेळती हवी. सतत पाण्यात उभी राहिली तर मुळं कुजतात.

शेंडा अजून हिरवा आहे, त्यामुळे रोप वाचेल असं मला मनापासून वाटतं. पाच इंची, तळाला भरपूर भोकं असलेली प्लास्टिकची कुंडी घ्या. मोठी नको, आतलं मिश्रण ओलंगच्च राहतं. त्यात स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) भरा. पाणी पावसाचं किंवा आरओचं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० च्या आत. बाल्कनीत एप्रिलचं ऊन थेट येत असेल तर काळ्याऐवजी पांढरी कुंडी बरी, काळी फार तापते. दिसायला मातीचीच हवी असेल तर प्लास्टिकची कुंडी तिच्या आत ठेवा, फक्त तळाशी पाणी साचू देऊ नका. वाळलेले घट पुन्हा हिरवे होणार नाहीत, ते कापून टाका. नवे घट नव्या पानांच्या टोकाला येतील.

हे घरी करायची धास्ती वाटत असेल तर रोप नर्सरीत घेऊन या. कुंडी, मॉस आमच्याकडून, पैसे नकोत. मात्र आणताना मुळं मोकळी करू नका, आहे त्या मातीच्या गोळ्यासकट आणा.