सय. पुढे?

‘कुणाची?’ या एका शब्दावरून आमच्या घरी परवापासून अबोला आहे. अगदी कडकडीत नाही. ‘डायपर संपलेत’ इतपत चालू आहे. पण नवरा-बायकोत ज्याला बोलणं म्हणतात, ते बंद.

मुलीला नऊ महिने पूर्ण झाले म्हणून गोवर-रुबेलाच्या लशीसाठी आम्ही तिघं लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आमचा नंबर सतरावा, आत पाचवा गेलेला. मुलीचं नाव सय. आता तुम्हीही ‘सई का?’ असं विचारणार असाल तर विचारून घ्या, मी थांबतो.

झालं? तर, सई नाही. सय. यज्ञातला य.

काउंटरवरच्या ताई फायलींवरची नावं पुकारत होत्या. रियांश. दिव्यांश. अयांश. शिवांश. मग पुन्हा रियांश. त्यावर दोन बाप एकदम उठले आणि चोरी पकडली गेल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले. अख्ख्या खोलीत एक मूल पूर्ण नव्हतं, सगळे अंश. छेद बहुधा आम्ही पालक, रेघेखाली उभे.

मग ताईंनी एक फाईल डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली आणि हाक मारली, “से! से कोण आहे? सेचे पालक! वजन करून घ्या!”

कुणी उठलं नाही. मीही नाही. बायकोचं कोपर बरगडीत बसलं तेव्हा उजेड पडला. इंग्रजीत एस, ए, वाय एवढंच लिहायचं हा माझा हट्ट. शेवटी आणखी एक ए जोडावा असं तिचं म्हणणं. पण मग ते ‘साया’ होतं, आणि साया म्हणजे भुताच्या सिनेमात दाराच्या फटीतून सरकत जाते ती. या एका ए-पायी जन्मदाखल्यावरचा नावाचा रकाना अजून कोरा आहे. कायदा याबाबतीत आमच्या नातेवाइकांपेक्षा पुष्कळ सोशिक निघाला. जन्माची नोंद झाल्यापासून १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून थेट १५ वर्षांपर्यंत. म्हणजे पोरीला नुसतं ‘ए’ म्हणून हाक मारत राहिलो, तरी दहावीपर्यंत सरकारची काही हरकत नाही.

वजन करून परत येतो तर आमच्या जागेवर एक काका. मांडीवर रियांश क्रमांक दोन, त्यांचा नातू. काकांनी सरकून अर्ध्या माणसाची जागा केली, त्यात मी पाऊण बसलो.

“काय म्हणाल्या हो त्या? से?”

“सय.”

“सई! छान. आमच्या शेजारच्यांचीसुद्धा सईच.”

“सई नाही. सय.”

“तेच ते.”

“तेच कसं? शेवटी य आहे.”

काकांनी डोळे मिटले आणि नाव तोंडात घोळवलं. चूळ भरण्याआधी घोळवतात तसं. “सय... सय... पुढे?”

“पुढे काही नाही.”

“नाही, मी पूर्ण नाव विचारतोय.”

“हेच पूर्ण.”

अंधारात आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसा त्यांचा चेहरा झाला. जरा वेळ ते भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बसले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. “सयाजी! सयाजीराव गायकवाड! त्यातलं का?”

“अहो, मुलगी आहे.”

“हां हां. म्हणून जी काढलात.”

एकट्या काकांना नावं ठेवत नाही. ‘पुढे?’ हा प्रश्न मी नऊ महिन्यांत इतक्यांदा ऐकलाय की झोपेतसुद्धा ‘पुढे काही नाही’ म्हणतो, असं बायको सांगते, म्हणजे सांगायची. आणि पुढे नाही कसं? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. एवढी मालगाडी मागे लागणार असताना इंजिन छोटं असलं तर बिघडलं काय?

आणि वेगळ्या नावाचा सोस मला उगाच नाही. आमच्या वर्गात चार संतोष होते. एक उंच, एक बुटका, एक हुशार, आणि मी ‘संतोष चष्मा’. बाईंनी ‘संतोष, उठ’ म्हटलं की चौघं उभे राहायचो आणि छडी मात्र एकाला मिळायची. कुणाला, ते तुम्हाला कळलं असेलच. परवा स्टेशनवर एक टकलू गृहस्थ लांबून “ए चष्म्याऽऽ” करत धावत आला. मी तेव्हा लेन्स लावून होतो. लोक वळून माझ्या नाकाकडे बघत होते.

असो. काका.

“बरं, मला सांगा, घरात बोलता कसं? सयला झोपव, का सयीला झोपव?”

इथे मात्र मी गडबडलो, कारण प्रश्न चोख होता. आठवण असेल तर सयीला, मुलगी असेल तर सयला, असं काहीतरी मी पुटपुटलो. आइसलँडमध्ये १९९१ पासून तिघांची एक नामसमिती आहे म्हणे. मंजूर यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर तिच्याकडे अर्ज करायचा. तिची एक अट अशी, की नावाला तिथल्या भाषेचे विभक्तीचे प्रत्यय लागले पाहिजेत. काका चुकीच्या देशात जन्मले. तिथे असते तर त्या समितीचे तहहयात अध्यक्ष झाले असते. आपल्याकडे तिघांची समिती नसते, वेटिंग रूममध्ये असतील तेवढे सगळे सभासद. अर्ज करायचीही गरज नाही. निकाल घरपोच.

“अर्थ काय पण?”

“सय म्हणजे आठवण.”

“कुणाची?”

त्याच क्षणी, एरवी चौदा मुलं एका सुरात रडत असलेली ती खोली चिडीचूप झाली. ताईंनी फाईलमधून मान वर केली. दोन्ही रियांशांचे बाप माझ्याकडे बघायला लागले. आणि बायको, जी इतका वेळ पोरीचा मोजा शोधत होती, ती मोजा सोडून सावकाश माझ्याकडे वळली.

“कुणाची म्हणजे?” मी म्हणालो.

“म्हणजे, आठवण अशी सुटी नसते ना. राग कुणाचा तरी येतो, कर्ज कुणाचं तरी असतं, तशी आठवण कुणाची तरी.” काकांच्या आवाजात खवचटपणा औषधालासुद्धा नव्हता, तेच जास्त वाईट. माणूस मनापासून मदत करत होता.

“आजीची,” मी म्हणालो. पण उशिरा म्हणालो. माझ्या हिशेबानं दोन सेकंद. बायकोच्या हिशेबानं दहा.

“आजी गेल्या का?”

“हो.”

“मग सरळ आजींचंच नाव ठेवायचं की!”

“आजीचं नाव धोंडाबाई.”

काकांनी रियांशला थोडं जवळ ओढलं.

मग खिशातून फोन निघाला. “स-च पाहिजे ना? थांबा.” सान्वी, सायशा, समायरा, सियोना. एकेक नाव म्हणून झालं की ते पोरीच्या तोंडाकडे बघायचे, टोपी बसते का बघावी तसे. मध्येच म्हणाले, “तो मस्क बघा, पोराच्या नावात १२ घातले! कॅलिफोर्नियात नावात आकडे चालत नाहीत म्हणाले, तर पठ्ठ्यानं रोमन अंकांत लिहिले. याला म्हणतात वेगळं नाव!” म्हणजे इलॉन मस्क यांनी २०२० साली मुलाच्या नावात आकडा घातला तर पठ्ठ्या, आणि मी एक धड मराठी शब्द ठेवला तर ‘पुढे?’.

माझाही तोल गेला. “रियांश म्हणजे काय हो?”

“सूर्याचा अंश.”

“सूर्याचा अंश म्हणजे रव्यंश होईल फार तर. रिया म्हणजे सूर्य कुठल्या भाषेत?”

“नेटवर आहे.” आणि मग, माझी कीव आल्यासारखे, “युनिक आहे ते.”

समोर दुसरा रियांश आमच्या पोरीचा हरवलेला मोजा चघळत होता.

आता खरं सांगतो, विनोद बाजूला. आजीच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिचं नाव धोंडा ठेवलं. मरणानं उंबऱ्यातून डोकावलं तर त्याला वाटावं, धोंडाच आहे, कशाला उचला. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही सगळी याच हिशेबातली नावं. त्यांचा अर्थ कुणाला विचारावा लागत नसे, कारण प्रत्येक घरात तो एकदा तरी पुरलेला असे. आणि ‘नकोशी’चा अर्थ? २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनानं शोधून शोधून या नावाच्या २८५ मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली. एका जिल्ह्यात २८५. या पोरी रोज हजेरीला ‘नकोशी’ अशी हाक आली की ‘हजर’ म्हणत असणार. तेव्हा कुणी बाकावर सरकून ‘असं कसं हो नाव?’ म्हणालं असेल, असं मला वाटत नाही. ते नाव सगळ्यांना पहिल्या फटक्यात नीट ऐकू येत होतं. य कुठला, ई कुठली, काही घोळ नाही. माझ्या पोरीच्या दोन अक्षरांना मात्र खुलासे, दाखले आणि वंशावळ.

यातलं एक अक्षर मी काकांना बोललो नाही. हे सगळं मला सुचलं त्या रात्री, पंख्याकडे बघत पडलो होतो तेव्हा. मला उत्तरं नेहमी अशीच सुचतात, प्रश्न विचारणारा घरी जाऊन झोपल्यावर.

आजी फोनवर शेवटी एकच वाक्य बोलायची, “लई सय येती रं तुजी,” आणि फोन ठेवायची. ‘ठेवते’ वगैरे नाही. वाक्य संपलं की खट्. मला कित्येक वर्षं वाटायचं की तिचा फोन कट होतो.

सतरावा नंबर लागला. सुई टोचली, पोरीनं खोली डोक्यावर घेतली. डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी नावाबद्दल काही विचारलं नाही. कार्डावर ताईंनीच आधी ‘साई’ लिहून ठेवलं होतं. आम्ही बाहेर आलो तर काका तिथेच. नातवाचं काम कधीच झालेलं, पण बहुधा आमचा निकाल ऐकायला थांबलेले. पोर हमसून हमसून रडतेय, बायको थोपटतेय, मी “सय, सयू, बघ काय आहे” करतोय. आमच्या सय या हाकेला आजवर तिनं पंख्याकडे, दिव्याकडे किंवा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघून उत्तर दिलेलं आहे. त्या वेळी तेवढंही दिलं नाही.

काकांनी टिचकी वाजवली. “ए सईऽऽ! सईबाई!”

पोरीनं रडं अर्ध्यावर तोडलं, मान गर्रकन वळवली आणि दोन दातांनी झकास हसली.

“बघा,” काका म्हणाले.

रिक्षात बसेपर्यंत बायको काही बोलली नाही. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बाहेर बघत तिनं विचारलं, “आजीची म्हणायला एवढा वेळ का लागला तुला?”